मागच्या दाराचा वाफा

रविवार, २ फेब्रुवारी

दादा,

नोव्हेंबरच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, की आपल्या शेतातला पालक मी स्वतः तोडून लॅबमध्ये तपासायला नेला. तसं झालं नव्हतं. जुडी मला आईने दिली होती. मी घाईत होते, बस कोपऱ्यावर येऊन उभी होती, आईने दारातच जुडी हातात कोंबली. लॅबमध्ये गेल्यावर फॉर्मवर 'नमुना कोणी घेतला' असा रकाना असतो. त्यात मी 'स्वतः' असं लिहिलं आणि खाली सही केली.

खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं. हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, आता तिसऱ्यांदा लिहिलंय तर राहू दे. पण हात आईचा होता आणि सही माझी आहे, एवढंच खरं.

तुला वाटेल, एका जुडीचं एवढं काय. मलाही तीन महिने काही वाटलं नाही. गेल्या मंगळवारी लॅबच्या मोठ्या मॅडमनी मला दुसऱ्या गावाहून आलेल्या शेतकऱ्यांसमोर उभं केलं. नमुना कसा घ्यायचा ते समजावून सांग म्हणाल्या. मी फळ्यावर शेताचा चौकोन काढला. एका कोपऱ्यातून निघायचं, नागमोडी चालत समोरच्या टोकाला जायचं, वीस ठिकाणी थांबायचं, हाताला येईल ते रोप घ्यायचं, डोळ्यांना आवडेल ते नाही. एका म्हाताऱ्याने हात वर केला. "बाई, बायकोने तोडून दिलं तर चालतं का?" सगळे हसले. मीही हसले, आणि 'नाही चालत' म्हणताना मला दारातली आईची जुडी आठवली.

त्या संध्याकाळी आईला विचारलं, तेव्हाची जुडी कुठल्या वाफ्यातली होती. ती भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या दाराच्या."

मागच्या दाराचा वाफा तुला आठवत असेल. दोन खाटा मावतील एवढा. त्याला मोरीचं पाणी जातं, म्हणजे नळाचंच पाणी, आपण तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं. बाकीच्या सगळ्या शेताला नाल्यावरचा पंप. मी जो पालक तपासला त्याने नाल्याचं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. त्यात शिसं सापडलं नाही यात नवल काय?

नोव्हेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'आकडे खोटं बोलत नाहीत, आता तरी बाबांची माफी माग.' ते वाक्य मी परत घेते. तुझं बरोबर होतं असंही आज म्हणत नाही, कारण अजून तपासलेलं नाही. तपासून लिहीन.

आणखी एक तुला माहीत नसेल. बाबांनी त्या अहवालावर प्लॅस्टिक चढवून तो वजनकाट्याच्या शेडमध्ये टांगलाय. नाल्याकाठच्या तेराही घरांनी त्याच्या प्रती काढून घेतल्या. बाजारात टोपलीपुढे ठेवतात. आणि त्याच कागदावर बाबांना मोठ्या शाळेच्या स्वयंपाकघराला भाजी पुरवायचं काम मिळालं आहे. चारशे मुलं तिथे दुपारी जेवतात. दुसरं सत्र सोमवारी, चोवीस तारखेला सुरू होतंय. त्या दिवसापासून पालक आपला.

तुला अक्षर मोठं लागतं म्हणून एक ओळ सोडून लिहिलंय.

तुझी,
धाकटी


शनिवार, ८ फेब्रुवारी

दादा,

आज नमुने घेतले. या वेळी मी स्वतः, आणि 'स्वतः' म्हणजे स्वतः.

बाबांना काय सांगितलं ते आधी कबूल करते. मी त्यांना म्हणाले, शाळेसाठी नवीन तपासणी लागते. हे खोटं नाही, पण पूर्णही नाही. त्यांना वाटलं कागद आणखी पक्का होणार. इतके खूश झाले की सकाळी उठून बांधावरचे दगड बाजूला केले, मला ठेच लागू नये म्हणून. पंप बंद केला. शेजारच्या वाफ्यात छत्रीवाले काका पाणी धरत होते त्यांना ओरडून म्हणाले, "साहेबीण कामात आहेत, जरा दमानं घ्या."

छत्रीवाले काका अजून तसेच आहेत. ऊन असो नसो, छत्री बंद करून काठीसारखी टेकत माझ्या मागे मागे फिरत होते.

"पोरी, पावलं मोजतेस की रोपं?"

"दोन्ही काका."

"आणि चुकलीस तर?"

"परत पहिल्यापासून."

"मग सरकारने तुला लग्नपत्रिका लिहायला ठेवायला हवं होतं. एक नाव राहायचं नाही."

बाबा एवढे हसले, की मला त्यांच्याकडे बघवेना. तू गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पाच पिशव्या खालच्या, नाल्याच्या पाण्यावरच्या वाफ्यांतल्या, प्रत्येकात वीस ठिकाणचा पालक. सहावी मागच्या दाराची. बाबांना अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात, हे तुला माहीत आहे. "आण इकडे," म्हणाले, आणि मार्करने पिशव्यांवर एक ते सहा त्यांनीच घातले. सहाचा आकडा जरा वाकडा आला तर पुसून पुन्हा काढला. मी थांबवायला हवं होतं का? मला समजत नाही. ज्या तपासणीने त्यांचं नुकसान होऊ शकतं तिचे आकडे मी त्यांच्याच हातून घालून घेतले. पण थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

लॅबमध्ये प्रत्येक पिशवीचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला, एक स्वच्छ पाण्यात तीनदा धुतला. कारण मला माहीत आहे, बाबांचं पहिलं वाक्य असेल, धुऊन घेतलं की जातं. आपण लहानपणापासून जुड्या नाल्यात बुचकळून टवटवीत करतो आणि त्यालाच धुणं म्हणतो. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

पालक ओव्हनमध्ये सुकतो तेव्हा हातभर जुडीची चिमूटभर भुकटी होते. ती आम्लात विरघळवायची आणि मग यंत्राकडे द्यायची. यंत्र चालवणारे गृहस्थ कमी बोलतात, त्यांना आम्ही मुके मास्तर म्हणतो. त्यांना फक्त नंबर दिले, शेत कोणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, "सहा जेवणं आणि बारा ताटं. पाहुणे मोठे दिसतात."

निकाल गुरुवारपर्यंत येईल.  आज सकाळी आईने पालक वाढला. मी विचारलं नाही कुठला आहे, आणि खाल्लाही नाही. तिने पाहिलं.

धाकटी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

दादा,

निकाल आला. आधी आकडे.

खालच्या पाचही वाफ्यांत शिसं मर्यादेच्या वर आहे. सगळ्यात कमी चौपट, सगळ्यात जास्त सातपट. कॅडमियम तीनपट. सातपटवाला वाफा पंपाच्या अगदी जवळचा, जिथे पाणी आधी पोचतं. धुतलेल्या आणि न धुतलेल्या भागात फरक इतका थोडा, की तो मोजण्यातलाच फरक असू शकेल. म्हणजे ते पानावर बसलेलं नाही, मुळातून वर चढून पानाच्या आत गेलेलं आहे. शिजवलं तरी जात नाही. मागच्या दाराचा वाफा पूर्ण स्वच्छ.

मी मुक्या मास्तरांना पुन्हा चालवायला सांगितलं. त्यांनी पुन्हा चालवलं. तेच आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "हे कोणी खातं का?" मी म्हटलं, हो. 

तुझं बरोबर होतं. हे वाक्य एका ओळीवर एकटंच लिहायचं ठरवलं होतं, पण मग ते बक्षीस दिल्यासारखं दिसलं. तुला बक्षीस नको असेल. तीन वर्षांपूर्वी शेडमध्ये तू सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला होतास, की कारखान्यातल्या ज्या टाक्यांत मी नळांना मुलामा देत होतो त्यांचं पाणी नाल्यात सोडतात, शेजारचे बॅटरीवालेही तिथेच सोडतात, आणि तेच तुम्ही पालकाला घालता. बाबा म्हणाले, "कामावरून काढलं म्हणून बरळतोय. याचं काही मनावर घेऊ नका." दुसऱ्या दिवशी तुझी पत्र्याची पेटी दारात नव्हती.

आता आईचं. घरी आले तेव्हा ती मागच्या दारात बसून पालक निवडत होती. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं.

"आई, तेव्हा मागच्या दाराचीच जुडी का दिलीस?"

"तपासणीला न्यायची म्हणालीस. चांगली नको द्यायला?"

"चांगली म्हणजे?"

ती काड्या मोडत राहिली.

"खालची आपण खात नाही," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तो गेला तेव्हापासून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तीन वर्षं मी याच घरात जेवते आहे दादा. मी लॅबमध्ये काम करते. दुसऱ्यांच्या भाजीत काय आहे ते मला ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत सांगता येतं, आणि आपल्या ताटातली भाजी कुठून येते ते माहीत नव्हतं.

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांना ताटात पडलं की झालं. कुठून तोडलं ते पुरुष कधी विचारतात?"

"पण तू का?"

तेव्हा ती म्हणाली, "मला काय कळतंय पाण्यात काय असतं ते. पण चार वर्षं त्या टाक्यांपाशी उभा होता तो. उगाच बोलणारं पोर नाही माझं."

म्हणजे ज्या घरातून तू गेलास त्या घरात एका माणसाचा तुझ्यावर विश्वास होता. रोज दोन वेळा होता. ते तुला कळावं म्हणून हे सगळं लिहिलं.

मग मी विचारलं, "आणि उरलेलं विकत होतीस?"

तिने निवडलेली पानं सुपात सारली. "आपल्या ताटात काय पडतं ते दिसतं गं. पलीकडच्यांच्या ताटात कोण बघायला जातं? नव्हतं दिसत मला." सूप उचलताना म्हणाली, "म्हणजे बघितलं नाही."

मी म्हटलं, बाबांना तेव्हाच का नाही सांगितलंस. त्यावर ती जे बोलली ते आज लिहीत नाही.

धाकटी


सोमवार, १७ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यावर दोनच ओळी. 'माफी-बिफी राहू दे. कागद कधी परत घेतेस ते लिही.' बाकीची जागा कोरी. मी उलटून पाहिलं, मागेही काही नाही. तरी तीन वेळा उलटलं.

कधी ते लिहीनच. पण आधी गेल्या पत्रात जिथे थांबले तिथून पुढे.

मी आईला म्हटलं, बाबांना तेव्हाच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू सांगितलंस?"

त्या दिवशी शेडमध्ये तू माझ्याकडे वळला होतास. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, घरात पुस्तक हातात धरणारी पहिली. सगळे माझ्याकडे बघत होते. तू म्हणालास, "हिला विचारा. ही शिकलेली आहे." आणि मी म्हणाले, "तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

ते उत्तर बरोबर होतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण तू तिथे चाचणीचा निकाल मागत नव्हतास. मी एवढं म्हणू शकले असते, की दादा म्हणतोय तर तपासून घेऊ. मी तेवढंही म्हटलं नाही, कारण बाबा माझ्याकडे बघत होते. वर तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी कोणाचीच बाजू घेतली नव्हती. तपासायचं म्हणाले होते, आणि तपासायला तीन वर्षं लावली. माफी-बिफी राहू दे म्हणालास म्हणून फक्त काय झालं ते लिहिलं.

शनिवारी बाबांना सांगितलं. ते शेडमध्ये एकटे जुड्या बांधत होते. मी अहवाल समोर धरला.

"सातपट म्हणजे किती?"

"जिथे एक चमचा चालतो तिथे सात."

"पानं बघ. एकाला तरी डाग आहे?"

"त्याचा डाग पडत नाही बाबा."

"मग धुऊन देऊ."

"धुतलेलंही तपासलंय."

त्यांनी कागद हातात घेतला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. सहावर थांबले. पिशव्यांवर स्वतः घातलेले नंबर त्यांनी ओळखले. कोणी बदलले असं त्यांना म्हणता येईना. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या भावाने तोंडाने सांगितलं," ते म्हणाले, "तू कागदावर आणलंस. शिकवलं ते फळलं म्हणायचं."

"बाबा, शाळेतली मुलं..."

"मी कोणाला फसवलं? मी कागद मागितला, तू दिलास. सही तुझी आहे. माझी पोरगी आहे म्हणून मी तो छातीला लावून गावभर फिरलो."

 

मग ते बराच वेळ सुतळी गुंडाळत बसले आणि शांतपणे म्हणाले, "बरं. मागच्या दाराचा स्वच्छ आहे ना? मग तिथली आणखी एक जुडी ने. या वेळी स्वतःच्या हाताने तोड. स्वतः तोडली असं लिही. सगळं खरं असेल. खोटं कुठे आहे त्यात?"

दादा, मला त्यातली खोट सापडायला एक पूर्ण मिनिट लागलं, हे तुला कबूल करते. इतकं नीट बसत होतं. रकाना बरोबर, सही बरोबर, आकडे बरोबर. फक्त शाळेत पोचणारा पालक दुसरा.

मी म्हटलं, "नाही."

"तेरा घरं आहेत. काय लावतील ते?"

"फुलं लावा खाली."

"फुलं कोण खातं?"

"कोणी नाही खात. म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. जुड्या उचलून टोपलीत भरल्या आणि बाजाराला गेले. मी टोपलीपुढे आडवी झाले नाही. त्या दिवशीची भाजी विकली गेली, काल रविवारची गेली, आजचीही गेली. हे दिवस माझ्या नावावर लागतात. फक्त शाळेचा दिवस सांभाळून मी मोकळी होत नाही, हे मला समजतं.

म्हणून आज लॅबमध्ये मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं, 'स्वतः' या शब्दासकट. त्यांनी दार लावून घेतलं.

"अहवाल मागे घेता येतो," त्या म्हणाल्या. "पण कारण लिहावं लागतं."

"कारण आहे."

"ते लिहिलंस तर नमुने हाताळायची तुझी परवानगी जाईल. मग इथे तू बाटल्या धुवायलाही राहणार नाहीस. मला थांबवता येणार नाही." मग म्हणाल्या, "यंत्रात दोष होता असं लिहिलं तर कोणी खोलात जाणार नाही."

त्या वाईट बाई नाहीत दादा. मला वाचवत होत्या. पण यंत्रात दोष म्हणजे मुक्या मास्तरांचा दोष. ज्या माणसाने दोनदा तपासून दोन्ही वेळा खरं सांगितलं त्याच्यावर मी माझी चूक ढकलू का? मी म्हटलं, खरं कारणच लिहिते. त्या म्हणाल्या, "दोन दिवस विचार कर." मी म्हटलं, दोन दिवस म्हणजे बाजाराच्या चाळीस टोपल्या. तरी त्यांनी बुधवारपर्यंत थांबवलं, कारण मागे घेण्याच्या पत्रावर दुसऱ्या लॅबची फेरतपासणी जोडावी लागते. तोवर वेगळा नमुना तिकडे पाठवलाय. तोही मी घेतला, बाबांच्या समोर. या वेळी दगड कोणी बाजूला केले नाहीत.

धाकटी


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

फेरतपासणी आली. आकडे जुळतात.

आज दुपारी मी तीन पानं लिहिली. पहिल्या पानावर, की नोव्हेंबरचा अहवाल नाल्याच्या पाण्यावरच्या भाजीला लागू नाही, तो मी मागे घेते. कारणाच्या जागी लिहिलं, 'नमुना मी घेतला नव्हता, घरातून दिलेला स्वीकारला आणि स्वतः घेतल्याची नोंद केली.' दुसऱ्या पानावर नवे आकडे, सहाही पिशव्यांचे. तिसऱ्यावर साध्या शब्दांत, की धुऊन आणि शिजवून हे जात नाही, लहान मुलांना जास्त बाधतं, आणि नाल्याकाठची पालेभाजी कोणालाही देऊ नये. मॅडमनी वाचलं. एक स्वल्पविराम बदलला आणि शिक्का मारला. म्हणाल्या, "सोमवारपासून तू येऊ नकोस. ते पत्र वेगळं मिळेल." मग म्हणाल्या, "दुसऱ्या लॅबमध्ये अर्ज केलास तर माझं नाव दे. मी खरं सांगेन, दोन्ही बाजूंनी." मी नमस्कार केला आणि माझ्या टेबलावरच्या बाटल्या धुऊन ठेवल्या, कारण त्या माझ्या होत्या.

चार प्रती आहेत. एक शाळेच्या स्वयंपाकघराला, एक बाजार समितीला, एक पाण्याच्या खात्याला आणि एक शेडमध्ये टांगायला, जुन्याच्या जागी. ही चौथी सगळ्यात जड वाटते.

संध्याकाळी तेराही घरं शेडमध्ये जमली. बाबांनीच बोलावलं, का ते मला सांगितलं नाही. मी उभं राहून वाचून दाखवलं. पानं उलटताना एका हाताने वजनकाट्याला धरलं, तर काटा हलायला लागला आणि कोणीतरी म्हणालं, "पोरीचं वजन करा आधी, अर्धी झालीय." कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. एक काकू म्हणाल्या, आमच्या घरात दोन लहान आहेत, ती काय खातात रोज, आता सांगतेस होय. त्यांचं बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं. छत्रीवाले काका म्हणाले, "तपासायला एवढी वर्षं लागली?" मी म्हटलं, "हो. माझ्यामुळे." मग तुझं नाव निघालं. मी म्हटलं, दादा तेव्हा खरं बोलला होता आणि मी गप्प बसले. बाबा दाराशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही आणि हलवलीही नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. जुडी मी दिली होती. तिथल्या बाईला मी सांगते." मी म्हटलं, तुझी सही लागत नाही. ती म्हणाली, "सही नाही येत मला. तोंड आहे."

बाबा जेवताना म्हणाले, "शाळेची मुख्य बाई कडक आहे. पायरीवर उभं ठेवते. आत बोलावल्याशिवाय कागद देऊ नकोस, नाहीतर शिपाई फाइलमध्ये घालून विसरेल." एवढंच. ते येणार आहेत की नाहीत ते मी विचारलं नाही. ते रागावलेले आहेत आणि रागावलेले राहतील, कदाचित पुष्कळ दिवस. तरी पाणी मागताना आज त्यांनी मला 'साहेबीण' म्हटलं नाही, माझ्या घरातल्या नावाने हाक मारली. याचा अर्थ मी लावत नाही.

तुझ्याकडे एक मागणं आहे. माझे आकडे भाजीपुरते आहेत. पानात शिसं आहे हे मी सिद्ध करू शकते, ते कोणत्या नळीतून येतं ते नाही. तुला माहीत आहे. कारखान्याच्या मागच्या भिंतीला नळी कुठे आहे, कोणत्या वेळी सोडतात, कोण सोडायला लावतं. पाण्याच्या खात्याची प्रत मी टपालाने पाठवणार नाही, हातात देणार आहे, आणि त्यांनी विचारलं की हे कोणी पाहिलं, तर मला कोणाचं तरी नाव सांगावं लागेल. तुझं सांगू का? नको म्हणालास तर सांगणार नाही, आणि तुला त्याचा जाब कधी विचारणार नाही. हो म्हणालास तर तुझ्या शेजारी बसून तू सांगशील तसं लिहून काढीन, आणि 'लिहून कोणी घेतलं' या जागी खरंच मी असेन.

यायलाच हवं असं नाही. आईने मात्र तुझ्या खोलीतले बटाटे हलवलेत.

तू विचारलंस, कागद कधी परत घेतेस. शाळेची भाजीची नोंदणी सोमवारी सकाळी पक्की होते, त्याआधी मुख्य बाई फक्त एकदा भेटतात. मी वेळ घेऊन ठेवली आहे. तिथून सरळ बाजार समिती, तीही कागद शुक्रवारीच घेते, दुपारी पाण्याचं खातं, आणि परत येताना शेड.

शुक्रवार, एकवीस फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता.

तुझी,
धाकटी